दुखण्याचे दाणे

मुक्काम गुंद, पेटा सुपे
सोमवार, ता. १ डिसेंबर १९१३
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे

तीर्थस्वरूप गुणादादा यांस वासूचा साष्टांग नमस्कार.

वरची वेळ तुम्ही दिलेल्या घड्याळाची आहे. या वेळी मी ओटीवर बसून वाळूची पिशवी तिसऱ्यांदा तोलत होतो. दोनदा सहा शेर भरली, एकदा पाव शेर कमी. तराजू उसना आहे, त्यामुळे खात्री वाटत नाही.

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलो. डॉक्टरसाहेबांच्या चिठ्ठीत जे लिहिले होते ते मी खाली उतरवून काढतो. तुम्ही दवाखान्यात जखमा बांधायच्या कामावर आहात, तेव्हा चुकले असल्यास खूण करून कळवावे.

सागाचा ओंडका अंगावर आल्यामुळे उजव्या खुब्याचे हाड फुटले. शस्त्रक्रिया करून हाडाचे तुकडे काढले, त्यास आज बत्तीस दिवस. घरी आल्यापासून आणखी सहा आठवडे उताणे निजायचे. पायाला दोरी, दोरी कप्पीवरून, दोरीच्या टोकाला सहा शेर वाळू. अफूच्या अर्काचे थेंब सकाळी दहा, रात्री वीस. दुखणे किती आहे ते रोज एक ते दहा अंकांत टिपून ठेवायचे व तुम्हाला कळवायचे, म्हणजे त्या मानाने थेंब उतरवता येतील.

कप्पी मी परशू सुताराकडून करून घेतली. अडचण अंकांची आली. बाबांना विचारले, "दहांतले किती दुखते?" तर म्हणाले, "दुखतंय तेवढं दुखतंय. त्येला काय मापटं लावतोस?"

म्हणून मी एक तोड काढली. रोज दिवेलागणीला फणसाच्या पानावर भाताचे दहा दाणे ठेवतो. दुखणे असेल तितके दाणे बाबा करवंटीत टाकतात. मी मोजून वहीत मांडतो आणि देवकी करवंटी परसात नेऊन कोंबड्यांपुढे रिकामी करते. तिला सातवा महिना सरून आठवा लागला आहे, जड काम सांगत नाही.

ता. २९ : आठ. ता. ३० : आठ.

कोणती लक्षणे दिसली तर घाबरायचे हे डॉक्टरसाहेबांनी तोंडी सांगितले होते. मला तीनच आठवतात, ती चार होती. चौथे कोणते? त्या विचाराने मला झोप नाही.

तुमचा आज्ञाधारक
वासू


बेळगाव, ता. ५ डिसेंबर १९१३

चिरंजीव वासू यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल पोचले. वाळू पाव शेर कमी भरली म्हणून कोणी मरत नाही. जरा जेवत जा.

तुझी दाण्यांची तोड डॉक्टरसाहेबांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "हुशार मुलगा आहे." मी म्हटले, आमच्या घरचा आहे. काकाने मला पोरका झाल्यावर वाढवले ते या लोकांना ठाऊक नाही, पण मी छाती काढून उभा होतो.

चार लक्षणे अशी. संध्याकाळी अंग तापणे. जांघेत सूज. जखमेला वास. आणि चौथे, तू विसरलास ते : उतरत आलेले दुखणे पुन्हा चढणे. डॉक्टरसाहेब म्हणतात, दुखणे हा आपला राखणदार आहे. आत पू धरला तर आधी तोच ओरडतो. चारांपैकी एकही दिसले तरी पत्र लिहीत बसू नको, गाडी जोड.

दोन दिवस लागोपाठ पाच किंवा कमी दाणे पडले की दोन्ही वेळचे थेंब दोन-दोनने कमी कर. अफू अंगात मुरली की सुटत नाही. आमच्याकडे एक सुभेदार आहे, पाय बरा होऊन वर्ष झाले, अजून बाटलीसाठी रडतो. काकाचे तसे व्हायला नको.

देवकीला जप. काकूला नमस्कार सांग.

गुणाजी


गुंद, शनिवार, ता. १३ डिसेंबर १९१३
दुपारी एक वाजून पाच मिनिटे, बाबांची पेज झाल्यावर

तीर्थस्वरूप गुणादादा यांस नमस्कार.

तुमचे पत्र ९ तारखेला मिळाले. चौथे लक्षण मी दाराच्या चौकटीवर कोळशाने लिहून ठेवले आहे. तसे काही दिसत नाही, उलट सगळे चांगले चालले आहे.

ता. १ ते ३ : सात. ता. ४ ते ७ : सहा. ता. ८ ते १० : पाच. काल व परवा : चार.

तुम्ही लिहिल्याप्रमाणे १० तारखेपासून सकाळी आठ व रात्री अठरा थेंब केले, आणि कालपासून सहा व सोळा. याहून खाली तुमच्या लेखी हुकुमाशिवाय मी जाणार नाही.

घरात बारीकसारीक कटकटी आहेत. पाच तारखेला दोन कोंबड्या माना टाकून मेल्या. दुसऱ्या दिवसापासून देवकीच्या उजव्या खुब्यात कळ येऊ लागली, पाय ओढत चालते. आई म्हणते, या दिवसांत होते असे, तिलाही माझ्या वेळी झाले होते. पण ८ तारखेला शेजारचे धाकलूकाका ओसरीवर आले. देवाला कौल लावतात म्हणून त्यांना वाटते सगळे त्यांना विचारूनच घडते. देवकीला पाय ओढताना पाहून मला म्हणाले,

"काय मास्तर, दुखणं मोजून भायेर काढतोस व्हय?"

मी म्हटले, "मोजतो. काढत नाही."

"मोजलं म्हंजे काढलंच की. आमी दृष्ट काढतो ती तिठ्यावर टाकतो, वलांडू नये म्हनून. तू काढतोस आनि सुनेच्या हातात देतोस. कोंबड्यांनी खाल्लं, त्या गेल्या. आता हिच्या पायाला लागलंय. उजवाच खुबा हाय बघ."

मला राग आला. मी म्हटले, "काका, तुमचे केस गेले ते कुणाच्या डोक्याला लागले?"

त्यावर ते स्वतःच पोट धरून हसले, आई हसली, देवकीही तोंड फिरवून हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. देवकीकडे बघत राहिले. थकवा असेल.

उंदीर फार झाले आहेत. बाबांच्या कांबळ्याची कड रोज सकाळी कुरतडलेली व ओली असते.

थेंब आणखी किती उतरवू ते कळवावे.

आज्ञाधारक
वासू


बेळगाव, ता. १८ डिसेंबर १९१३

चि. वासू यास आशीर्वाद.

तुझे वहीतले आकडे बघून इथली माणसे वाखाणतात. दोन आठवड्यांत आठावरून चारावर म्हणजे काकाचे हाड जुने आहे, सागासारखे.

डॉक्टरसाहेबांचे मत असे की आता सकाळचे थेंब बंद करावेत आणि रात्री आठच द्यावेत. वजन मात्र ठेव.

धाकलूकाका अजून जिवंत आहेत हे ऐकून बरे वाटले. मी लहान असताना मला ताप आला तेव्हा त्यांनी माझ्यावरून उतरून टाकलेला नारळ मीच रात्री शोधून खाल्ला होता. अजून धडधाकट आहे. त्यांना सांग.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. संध्याकाळी कपाळाला हात लावून बघतोस ना? जखम स्वतः डोळ्यांनी बघतोस की काकूवर सोडतोस? उंदरांना कणकेच्या गोळ्यांत औषध घालून ठेव.

गुणाजी


गुंद, मंगळवार, ता. २३ डिसेंबर १९१३
सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे, दाणे मोजून झाल्यावर लगेच

तीर्थस्वरूप गुणादादा यांस नमस्कार.

आनंदाची बातमी आधी लिहितो. आज करवंटी रिकामी. एकही दाणा पडला नाही.

ता. १३ ते १६ : तीन. ता. १७ ते २० : दोन. परवा व काल : एक. आज : शून्य.

तुमचे पत्र काल सकाळी आले. डॉक्टरसाहेबांच्या मताप्रमाणे सकाळचे थेंब बंद केले आणि काल रात्रीपासून आठ देतो. बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे. कपाळाला हात लावला. थोडे गरम लागते. बाबा म्हणतात शेगडी उशाशी आहे म्हणून. जखम मी पाहिलेली नाही. बाबा मला बघू देत नाहीत, म्हणतात, "लेकानं बापाचं उघडं अंग बघू नये." पट्टी आई बदलते. आई म्हणते ओल आहे, पण पहिल्यापासूनच थोडी होती. तिला संध्याकाळचे नीट दिसत नाही.

घरात वास येतो. मी विचारल्यावर बाबाच म्हणाले, "छपरात उंदीर मेला आसंल." मी काल अर्धा दिवस छप्पर उसकटून पाहिले. सापडला नाही. उद्या पुन्हा पाहीन.

बाबा जेवत नाहीत, पेजेचे पाणी तेवढे घेतात. पण मन चांगले आहे. देवकीची कळ सात-आठ दिवसांत हळूहळू गेली, आता ती पहिल्यासारखी चालते. आज पाण्याची लहान कळशी घेऊन तिला अंगणातून येताना पाहून बाबा किती दिवसांनी हसले. म्हणाले, "उतरलं बघ." मी म्हटले, "होय बाबा, तुमचे उतरलेच." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात फार गरम होता. शेगडी लांब सरकवली आहे.

शून्य झाल्यावर वजन काढायचे का? उत्तर येईपर्यंत ठेवतो.

वासू


बेळगाव, शनिवार, ता. २७ डिसेंबर १९१३
म्हादू गाडीवानाच्या हाती

वासू,

हे पत्र मिळेल त्या क्षणी वाच आणि वाचून झाले की पळ.

तुझे पत्र मी आज डॉक्टरसाहेबांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले आणि मला विचारले, "अफू तिसऱ्या हिश्श्याहून खाली आणली, पायाला सहा शेर वजन आहे, आणि माणूस म्हणतो काहीच दुखत नाही? माझ्या धड पायाला हे वजन बांधा, मी रात्रभर ओरडेन." मग म्हणाले, "दाणे खोटे आहेत."

वासू, मागच्या पत्रात 'डॉक्टरसाहेबांचे मत' म्हणून लिहिले ते त्यांचे नव्हते. माझे होते. ते चौदा तारखेपासून दौऱ्यावर होते, आज सकाळी आले. मला वाटले एवढे मलाही कळते. तुझ्यापुढे मोठेपणा मिरवला. त्याचे काय ते मी भोगीन. आता ऐक.

काकाला विचारू नको. दाणे ठेवू नको. खुब्यावर तीन बोटांनी दाब आणि तोंडाकडे बघ. जखम तू स्वतः बघ, तो नको म्हणाला तरी. ओल, वास, गरम अंग, जे लिहिलेस त्यावरून डॉक्टरसाहेब म्हणतात आत पू आहे आणि फार दिवस आहे. लगेच उघडला तर माणूस वाचेल. चार दिवसांनी ते काही सांगत नाहीत.

वजन काढू नको, निघताना पाय फळीला बांध. थेंब पुन्हा पहिल्याइतके दे, नाहीतर गाडीच्या धक्क्यानेच प्राण जाईल. पण अशक्त माणसाला ते एकदम सोसत नाहीत, म्हणून घड्याळ लावून श्वास मोज. मिनिटाला बाराच्या खाली गेले तर झोपू द्यायचे नाही. हाका मार, पाणी मार, तेवढ्याने नाही जागा झाला तर दुखव. खरेच सांगतो, दुखव.

म्हादू आज रात्रीच्या गाडीने लोंढ्याला उतरतो. त्याची बैलगाडी तिथेच आहे. तीच घेऊन ये.

गुणा


लोंढा स्टेशन, मंगळवार, ता. ३० डिसेंबर १९१३
दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटे, बाबांच्या फळीशेजारी बसून

तीर्थस्वरूप गुणादादा यांस,

बेळगावची गाडी साडेचारला आहे. मालगाडी तीनला सुटते, तिचा गार्ड माणूस घेता येत नाही म्हणतो, पण हे पत्र दवाखान्यात पोचवतो म्हणाला. स्टेशनवर डोली व चार माणसे घेऊन उभे राहावे.

म्हादू परवा संध्याकाळी आला. तुमचे पत्र वाचले आणि मी खुब्यावर तीन बोटांनी दाबले. बाबांनी कांबळ्याची कड दातात धरली. तेव्हा मला उंदीर कळला.

मी व म्हादूने त्यांना उचलले. खुब्याखाली फडक्याची एक पुरचुंडी होती. आत भाताचे दाणे, ओले, पुवाने माखलेले. कितीएकांना कोंब फुटले होते, पांढरे, बोटाच्या पेराएवढे. बाबा रोज पानावरचे थोडे करवंटीत टाकीत आणि दुखण्याचे उरलेले मुठीत धरून खाली सारीत. मी करवंटी रोज मोजली. पानावर मागे काय उरले ते एकदाही मोजले नाही.

मी म्हटले, "बाबा, हे काय केलंत?"

"मोजलं की भायेर जातं," म्हणाले. "भायेर गेलं की कुनाच्या तरी पायात शिरतं. पोरीच्या शिरलं व्हतं. तिच्या पोटात नातू हाय माझा."

"तिची कळ गरोदरपणाची होती. आईलाही झाली होती."

"मग मी दानं थांबवल्यावर गेली कशी?"

देवकी दाराआडून ऐकत होती. ती आत आली आणि म्हणाली, "मामा, मला इच्यारायचं तरी हुतं की! माझी कळ मी सोसली असती." बाबा म्हणाले, "म्हनूनच न्हाई इच्यारलं." धाकलूकाका आले होते. वास आला तसे ते खाली बसले. घरी जाऊन पाच रुपये घेऊन आले आणि माझ्या हातात कोंबले.

जांघेत लिंबाएवढी गाठ आहे. जखमेच्या खालच्या कडेतून हिरवट पू येतो. चारही लक्षणे होती. चौथे मला दिसले नाही एवढेच.

बाबा येईनात. थेंबही घेईनात. म्हणत, "औषधानं दुखणं जातं ते कुठं जातं ते आदी सांग." रात्रभर तेवढेच. पहाटे देवकीने मला बाजूला घेऊन सांगितले, "वाद घालू नगा. नदीवर न्ह्या." काल सकाळी तेवढ्या बोलीवर निघालो. आईने नदीवर मोजायला पसाभर भाताचे कोरडे दाणे बांधून दिले.

सुप्याला काळी नदीच्या होडीत फळी ठेवली. मधोमध आल्यावर मी आईने दिलेली पुरचुंडी सोडली व म्हटले, "इथे मोजा बाबा. नदीला पाय नाहीत."

त्यांनी हात होडीच्या कडेबाहेर काढला. मग एकेक दाणा पाण्यात टाकू लागले. दहा झाले. थांबले नाहीत. वीस झाले. होडीवाला वल्हे थांबवून बघत राहिला. शेवटी त्यांनी सगळी मूठ उघडली आणि तेव्हा पहिल्यांदा ओरडले. म्हादूने तोंड फिरवले. त्यानंतर त्यांनी थेंब घेतले, वीस, आणि रात्री गाडीत झोपले.

आज सकाळी दहा दिले. सव्वाबाराला ते फळीवर फार तळमळू लागले म्हणून रात्रीच्या विसांतले दहा आधीच दिले. हे हुकुमाबाहेर आहे. मी केले.

दोन वाजता श्वास मिनिटाला सोळा. दोन वीसला तेरा. दोन चाळीसला, वरची ओळ लिहिली तेव्हा, बारा.

दोन वाजून अठ्ठेचाळीस. अकरा. तोंड शांत आहे. इतके शांत मी ओंडका पडल्यापासून पाहिले नव्हते. हाका मारल्या. पाणी मारले. पापणी हलली नाही. म्हादू म्हणतो, "निजू द्या की वो, किती दिवसांनी निजलाय."

दोन त्रेपन्न. दहा. तुम्ही लिहिले होते दुखव. मी तीन बोटे खुब्यावर ठेवली. दाबवेनात. मग दाबली.

ओरडले. डोळे उघडून माझ्याकडे बघितले, म्हणाले, "वासू, मेल्या, दुखतंय!" मी म्हटले, "किती?" म्हणाले, "लई." म्हादू रडतो आहे. श्वास चौदा.

दर पाच मिनिटांनी असेच करीन. गाडी येईपर्यंत एकोणीस वेळा होईल, बेळगावपर्यंत त्याहून जास्त. गार्ड हात पुढे करून उभा आहे. हिशेब घाईने मांडतो, माझे काही झाले तर तुमच्याकडे असावा.

खर्च : म्हादूची गाडी, अर्धे भाडे, दोन रुपये. होडी चार आणे. हमाल आठ आणे. दूध एक आणा. तिकिटे दोन, चौदा आणे. एकूण तीन रुपये अकरा आणे.

देणे : म्हादूस दोन रुपये. धाकलूकाकांस पाच रुपये. बाबांस थेंब, ता. १० पासून ता. २८ सकाळपर्यंत द्यायचे होते आणि दिले नाहीत ते, दोनशे तीस.

वासू